शाकाहारी बंधारा

नद्या आपल्या मर्जीने वाहायच्या, त्या काळाच्या अगदी शेवटची गोष्ट. देवळाखालच्या डोहातले खडस मासे कमी होऊ लागले, म्हणून वरच्या अंगाला नव्याने बांधलेल्या बंधाऱ्याने सभा भरवली.

"अधूनमधून एखादा खातो मी," बगळा खाली मान घालून म्हणाला. पाणमांजरानेही कबूल केलं.

"मी मात्र पक्का शाकाहारी!" बंधारा म्हणाला. साहजिकच सभेने त्यालाच राखणदार नेमलं आणि त्या दोघांना हाकललं.

"राखणदारसाहेब, थोडं पाणी सोडा हो. आम्हाला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं," डोहातली म्हातारी खडस म्हणाली.

"अहो आजी, तुमच्यासाठीच तर साठवून ठेवलंय!"

चैत्रात डोहाच्या तळाला भेगा पडल्या. काठोकाठ भरलेला बंधारा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "माझ्या राखणीत एकही मासा कुणी खाल्लेला नाही."