साळूची चाकं

राजा रणधवलाची प्रचंड गाडी पुन्हा दलदलीत रुतली. पलीकडच्या काळदुर्गावर शिपाई घोड्यांचे हरभरे खाऊन दिवस ढकलत होते आणि त्यांची रसद अलीकडे चिखलात बसली होती. गाडी थोडीथोडकी नव्हती. चाकं हत्तीच्या पाठीला लागतील एवढी. पण जितकी मोठी, तितकी खोल!

राजा हट्टी. गाडी घडवणाऱ्या मालोबा सुताराला बोलावून त्याने फर्मावलं, "ओझ्याने चाकं रुततात ना? मग चाकांवर ओझं न ठेवता रसद पोचव. अमावास्येच्या आत पोचली नाही, तर तुझी रवानगी तुरुंगात."

मालोबा घरी आला तो अन्नाला शिवेना. ओझं चाकांवर नाही, तर काय आभाळाला टांगायचं? त्याची लेक साळू समजूत घालून थकली. निदान गाडीत राहिलेली त्याची हत्यारं तरी सोडवून आणावीत, म्हणून ती रुतलेल्या गाडीकडे गेली. तिथे वंगणाचं भरलेलं पिंप तिच्या हातून निसटलं आणि चिखलावरून गडगडत निघालं. साळू मागे धावली, ती गुडघाभर रुतली. एवढं जड पिंप मात्र वरच्यावर ऐटीत चाललं होतं! चिखलात उभ्या उभ्या साळू हसत सुटली.

त्या दिवसापासून बापलेकीने हातातली पटाशी खाली ठेवली नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी राजा काठावर आला. पाहतो तर दोन अवाढव्य लाकडी पिंपं आडवी, फटी राळेने बुजवलेल्या, मधून आरपार कणा, पुढे रेड्यांच्या जोड्या. रेड्यांना चिखल म्हणजे माहेरच. मालोबाने हाक दिली आणि पिंपं डुलत डुलत दलदल तुडवत पार पलीकडे गेली.

"चाकंच चाकं दिसतात," काठावर थांबलेल्या साळूवर राजा गुरगुरला. "गाडी कुठाय? रसद कुठाय? रिकामी चाकं काय शिपायांनी शिजवून खायची?"

साळूने नुसतं पलीकडे बोट दाखवलं. किल्ल्याच्या दारात शिपायांनी एका पिंपाचं बूच उपसलं होतं आणि आतून जोंधळ्याची धार लागली होती.

"चाकांवर ओझं नको, असं महाराजांचं फर्मान," साळू म्हणाली. "म्हणून ते चाकांच्या पोटात भरलं."

राजाने आधी डोळे वटारले. मग फर्मान आपलंच होतं हे ध्यानात आलं आणि तो असा हसला की मुकुट सावरावा लागला. मालोबा परत येताच त्याला त्याने हातातलं सोन्याचं कडं दिलं, आणि साळूला दरबारचा अख्खा गाडीखाना.