मोटारीचं बाळंतपण

“बॅटरी मोटारीत असता कामा नये, आणि मोटार मात्र बॅटरीनेच सुरू झाली पाहिजे!” सोनगिरीचे राजे रणधीरराव गरजले. “दसऱ्याला हे जमलं नाही तर हैबती, त्याच दिवशी बायकोला घेऊन संस्थानाबाहेर चालता हो!”

बिचारा हैबती! राजांची मोटार हाकणारा हा गडी तोंड एवढंसं करून सासूच्या दारात येऊन बसला. सासू म्हणजे ठकूबाई, सोनगिरीची सुईण. खुद्द राजेसाहेब तिच्याच हातांवर जन्मले होते. “डोकं सोडून पाय आधी बाहेर काढले, तेव्हाच मी ओळखलं, हट्टी होणार म्हणून!” असं ती खुशाल चारचौघांत सांगायची.

“झालं तरी काय, जावईबापू?”

झालं होतं ते असं. दर दसऱ्याला सोनगिरीकर आणि शेजारचे मोरवडीकर राजे घाटात मोटारींची शर्यत लावत. माथ्यावरच्या आपट्याची पानं जो आधी तोडील तो जिंकला! गेल्या साली मोरवडीकर जिंकले. वर त्यांनी रणधीररावांना एक पालखी भेट धाडली आणि निरोप दिला, ‘पुढच्या वर्षी हिच्यातून या, लवकर पोहोचाल!’

झोंबलं ना राजेसाहेबांना! मोटार हलकी करायची म्हणून त्यांनी गाद्या काढल्या, चांदीचा तांब्या काढला, मागची दारंसुद्धा उखडली. राहता राहिली बॅटरी. ही धोंड उचलायला दोन माणसं लागायची.

“मग लहान बसवा की,” ठकूबाई म्हणाली.

“बसवली, मामी! बटण दाबल्यावर एकदा कण्हली नि गप्प!”

“मागे सरकवा.”

“सरकवली! सरकारांच्या बैठकीखाली. खड्डा आला की सरकार उडायचे आणि तिच्यावरच आपटायचे. म्हणाले, ‘मी काय इथं अंडी उबवायला बसलोय?’”

“मग तो पुढचा दांडा फिरवून सुरू करा!”

“मोरवडीकर ऐटीत बटण दाबणार आणि आम्ही रहाट फिरवणार? सरकारांची शान जाते!”

ठकूबाईला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. लेक वेणू पोटुशी होती. अख्ख्या सोनगिरीची पोरं ठकूबाईनं या जगात आणली, आणि तिचंच नातवंड कुठल्या परक्या गावात, परक्या बाईच्या हातांवर जन्मणार?

“जावईबापू, मोटार एकदा सुरू झाली की मग ही बया काय करते?”

“काही नाही. पुढची ठिणगी इंजिन आपलं आपण पाडतं. दिवे दिवसा लागत नाहीत, भोंगा हातानं दाबायचा. ही आपली नुसती बसून असते.”

“काही करत नाही, आणि घाट चढून वर जाते?” ठकूबाईनं कपाळावर हात मारला. “अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! तिच्या दोन्ही तारा चांगल्या लांब करा. बाकी मी बघते.”

दसऱ्याला घाटाच्या पायथ्याशी ही गर्दी! राजेसाहेब आले आणि बघतच राहिले. मोटारीशेजारी गवतावर पाट, पाटावर बॅटरी, तिला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ! तिच्यापासून दोन जाड तारा मोटारीत गेलेल्या, आणि शेजारी पदर खोचून बसलेली ठकूबाई.

“मावशी, हे काय आरंभलंय?”

“मोटारीत बॅटरी नको म्हणालात. नाहीये! तिनंच सुरू व्हायला हवी म्हणालात. होईल! दाबा बटण!”

राजेसाहेबांनी बटण दाबलं. घर्रर्र... धडधडधड! ठकूबाईनं झटक्यात दोन्ही तारा सोडवल्या, मोटारीच्या पाठीवर एक चापट मारली आणि ओरडली, “नाळ सुटली! पळा!”

आणि मोटार अशी सुसाट सुटली म्हणता! खालून नुसता धुरळा दिसत होता. कोण पुढं, कोण मागं, काही कळेना. ठकूबाई पदराचं टोक चावत उभी. एवढ्यात माथ्यावरून भोंगा वाजला, पों पों पों! सोनगिरीचाच तो! लोकांनी टोप्या उडवल्या.

पण दोन्ही मोटारी खाली आल्या त्या भांडण घेऊनच.

“लबाडी!” मोरवडीकर उतरता उतरता कडाडले. “जिच्या जोरावर मोटार सुरू झाली, तिला पायथ्याशी सोडून वर जायचं? ही शर्यत मी मानत नाही!”

हैबतीनं डोक्याला हात लावला. शर्यत रद्द म्हणजे बॅटरीचं जमलंच नाही, आणि त्याची हद्दपारी पक्की! ठकूबाई मोरवडीकरांपुढं आली.

“सरकार, एक विचारू? आपण जन्मलात तेव्हा सुईण होती ना?”

“होती की! सुईणीवाचून कुणी जन्मतं का?”

“मग ती कुठं आहे? आपल्या मोटारीत तर दिसली नाही!”

“काय वेड लागलं काय बाई? ती कशाला येईल शर्यतीला?”

“तेच म्हणते मी! सुईणीनं पोर मोकळं करायचं आणि आपल्या घरी जायचं. पुढं पोरानं धावायचं ते आपल्या पायांनी! आमच्या मोटारीनं दुसरं काय केलं?”

मोरवडीकरांच्या मिशा थरथरल्या, आणि ते असे खो खो हसत सुटले की फेटा कानावर आला! रणधीररावांनी तर पोट धरून मोटारीच्या पायरीवरच बैठक मारली.

“सोनं घ्या, रणधीरराव!” मोरवडीकरांनी आपट्याची पानं त्यांच्या हातात कोंबली. “हरलो बुवा!”

“मावशी, माग!” डोळे पुसत राजेसाहेब म्हणाले. “लुगडं, गाय, शेत, काय हवं ते!”

“माझ्या वेणूचं बाळंतपण सोनगिरीत होऊ दे, एवढंच.”

“होणारच! हैबती कुठं जात नाही. शेतही तुला दिलं. आणि वेणूची वेळ आली की तुला न्यायला माझी मोटार येईल!”

“येऊ द्या,” ठकूबाई म्हणाली. “फक्त त्या दिवशी बॅटरी आत घालून पाठवा, सरकार. मी एका वेळी एकच बाळंतपण करते!”

राजेसाहेब पुन्हा जे हसायला लागले, ते हैबतीनं त्यांना मोटारीत बसवून वाड्यावर पोहोचवलं तरी थांबले नव्हते.