भंडारा कोण उचलणार?

माळावरच्या एका गावाला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. त्या गावातली एकही सून नवऱ्याचे घर सोडून कायमची गेली नव्हती. पळून जात असत पुष्कळ; पण गाव त्यांना परत आणत असे.

त्याची एक ठरलेली रीत होती. नवऱ्याने मारले म्हणून बायको पळाली, की जाणती माणसे खंडोबाच्या देवळात जमत. नवरा बेलभंडार उचले. म्हणजे बेलाचे पान आणि देवाची हळद हातात घेऊन ‘पुन्हा हात उगारणार नाही’ अशी शपथ घेई. मग बायकोची खणानारळाने ओटी भरायची, तिला घरी पाठवायचे आणि सगळ्यांनी चहा प्यायचा. ती पुन्हा पळाली, तर पुन्हा बैठक, पुन्हा भंडारा, पुन्हा चहा. मोडलेल्या शपथेचे काय, असे कोणी विचारत नसे. ते देव बघून घेईल, असे सगळे धरून चालले होते. देवळाचा गुरव तेवढा कुरकुरे, “जत्रेला लागत नाही एवढा भंडारा या गावाला भांडणांना लागतो.”

काशी नावाच्या सुनेला गावाने असेच परत पाठवले होते. आखाड सरायच्या आत ती मारानेच गेली. लोक घरात जमले, तेव्हा ओटीतला नारळ चुलीशेजारी तसाच पडलेला होता. गावाने हळहळ केली आणि रीत चालू ठेवली.

तालुक्याला अशा बायकांसाठी एक निवारा होता. तिथे द्वारकाताई काम करत. आलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे, चौकीत तिच्या शेजारी बसायचे, तिला निवांत झोपू द्यायचे आणि तिला काय हवे ते तिलाच विचारायचे, असे त्यांचे काम. हे शेवटचे काम गावाला फार खटके. गावात त्यांचे नाव ‘घरफोडी बाई’ असे पडले होते.

“बाई, तुम्हाला स्वतःचा संसार नाही का हो?” गावातले मोठे माणूस सोपानआबा एकदा त्यांना म्हणाले.

“आहे की. पण तुम्ही मला घरी जायला उसंत देता कुठे?” द्वारकाताई म्हणाल्या.

एके दिवशी त्याच गावची हौसा निवाऱ्यात आली. तिचा डावा हात मोडला होता. नवऱ्याने, तुळशीरामने, उंबऱ्यावर पिरगाळून मोडला होता. द्वारकाताईंनी तिचा हात प्लास्टरमध्ये घालून आणला, चौकीत तक्रार लिहून घ्यायला लावली. पण हौसाची लहान मुलगी गोदी सासरीच राहिली होती. सोपानआबांनी निरोप धाडला, “पोर इथंच राहील. आईला हवी असेल तर आईनं नांदायला यावं.” चौकीतले साहेब म्हणाले, “आधी गावात मिटतंय का बघा.” हौसा रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही. शेवटी ती म्हणाली, “ताई, मला नांदायचं नाही. पण पोरीसाठी जावं लागंल.”

“गावात जाऊ,” द्वारकाताई म्हणाल्या. “नांदायचं का, ते तिथं बघू.”

देवळात बैठक भरली. ताटात बेल आणि भंडारा तयार होता. खणनारळही आणून ठेवला होता. चहाचे आधण चढले होते.

सोपानआबांनी हौसाला विचारले, “पोरी, तू त्याला बोललीस तरी काय?”

“भाकरी गार आहे म्हणाले. मी म्हटलं, गरम करून देते.”

आबांनी मान हलवली. “गरम करून देते, हे कुठल्या सुरात म्हणालीस?”

द्वारकाताईंनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत इतक्या बैठका झाल्या, पण भाकरीचा सूर कोणी विचारलेला त्यांनी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, “आबा, हात कुठल्या सुरात मोडला, ते पण एकदा विचारा.”

“जाऊ द्या, जाऊ द्या,” चार जण एकदम म्हणाले. “तुळशीराम, उचल भंडारा.”

तुळशीराम पुढे सरकला. पाण्याच्या तांब्याला हात घालावा, तसा त्याने ताटाला हात घातला. सवयीचेच काम होते ते. पण द्वारकाताईंनी ताट स्वतःकडे ओढून घेतले.

“याची शपथ गावानं पुष्कळदा ऐकली. आज मला दुसऱ्या कुणाची ऐकायची आहे. हा पुन्हा मारणार नाही, याची तुम्हाला खात्री आहे ना?”

“आहे म्हणजे काय! एकदम खात्री.”

“मग तुम्ही उचला. म्हणा, यानं हौसावर हात टाकला तर ते पाप माझ्या घरावर येवो. एकानं जरी उचलला, तरी नांदायला येतेस का, असं मी हौसाला विचारते. कोणीच उचलला नाही, तर गोदी आम्हाला द्या.”

एकाला म्हशीची धार काढायची आठवण झाली. दुसऱ्याचा गुडघा दुखू लागला. तिसरा, ज्याने सगळ्यांत मोठ्याने खात्री दिली होती, तो चहाचे बघायला उठला.

सोपानआबा घसा खाकरून म्हणाले, “असं कसं बाई? दुसऱ्याच्या हाताची शपथ आपण कशी घ्यावी? देव कडक आहे आमचा.”

“तुमच्या घरासाठी कडक, आणि हिच्या हातासाठी मऊ?” द्वारकाताईंचा आवाज चढला. “काशीच्या वेळी देव बघून घेईल म्हणालात. देव बघतच होता, आबा. मीही बघत होते. तुम्ही कधी बघणार?”

तेवढ्यात तुळशीरामची आई चंद्राकाकू खांबाआडून पुढे आली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आई आहे, लेकासाठी उचलेलच. आबा म्हणाले, “ये चंद्रे, ये. सोडव आम्हाला.”

चंद्राकाकूने चिमूटभर भंडारा घेतला. लेकाकडे पाहिले. मग सुनेच्या प्लास्टरकडे पाहिले. चिमटीतली थोडी हळद पदरावर सांडली. उरली ती तिने जपून ताटात परत ठेवली.

“नाही उचलणार,” ती म्हणाली. “खोटी शपथ घेतली तर देव माझं हेच एक लेकरू नेईल. हा मारणार. मला ठाऊक हाय.”

“आये!” तुळशीराम ओरडला.

“वरडू नगंस. तुझ्या बापानं पण ह्याच देवळात भंडारा उचलला होता.” मग ती आबांकडे वळली. “तुझ्याच बापानं उचलायला लावला होता, सोपाना. तवा मला कुणी इचारलं नाही. माझी ओटी भरली, अन् तुमच्यात च्या झाला.”

ती देवळाबाहेर पडली. कोणी तिला अडवले नाही. परत आली तेव्हा तिच्या कडेवर गोदी होती. तिने पोरीला हौसाच्या चांगल्या हातावर दिले, पोरीचे केस एकदा सारखे केले आणि मान खाली घालून पुन्हा खांबाआड जाऊन उभी राहिली.

हौसा जायला निघाली. द्वारकाताई शेजारून चालू लागल्या. तरीही आबांना राहवले नाही. रीत ती रीत. ते खणनारळ घेऊन पायरीपर्यंत आले.

“पोरी, निदान ओटी तरी भरून घे. रित्या ओटीनं गावातून जाऊ नये.”

हौसा थांबली. “नारळ तुमच्यापाशीच असू द्या, आबा,” ती म्हणाली. “माझा एकच हात चालतो. त्यात माझी पोर आहे.”

तात्पर्य: ज्या शपथेला जामीन राहायची आपली स्वतःची छाती होत नाही, तिच्या भरवशावर दुसऱ्याच्या लेकीला माराच्या घरी परत धाडू नये.