तिसरा ठोका

या, असे भिंतीला पाठ करून उभे राहू नका, भिंतीकडे बघा. काठीवाले आजोबा, तुम्ही त्या पायरीवर टेका. ही पायरी बघितलीत? पायरी आहे, वरची दगडी चौकट आहे, बाजूला कडी अडकवायचा लोखंडी कोयंडाही आहे. फक्त दार नाही. दाराच्या जागी विटा. आणि त्या विटांत छातीच्या उंचीवर हा खळगा, चांगली मूठ बसेल एवढा. पाऊसपाण्याचा नाही तो. ठोकून ठोकून पडलाय.

माझं नाव येरुशा अष्टमकर. माहेर रेवदंड्याकडचं. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे. धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. नवरा इथल्या कारखान्यात लागला आणि मी सातासमुद्रापलीकडच्या या कामेनोव शहरात आले ती इथलीच झाले. पण मराठी माणसं आली की ही गल्ली मीच दाखवायची, असा माझा हट्ट आहे. इंग्रजीत सांगितलं की मलाच ही गोष्ट कुणा परक्याची वाटते.

तर ही यहुद्यांची गल्ली. समोर ते हिरव्या दाराचं सिनेगॉग, आमचं प्रार्थनेचं घर. आमच्याकडे जुनी माणसं त्याला मशीद म्हणायची. पूर्वी इथे पहाटे एक माणूस लाकडी मोगरी घेऊन निघायचा आणि प्रत्येक दारावर तीन ठोके द्यायचा. तीन ठोके म्हणजे उठा, प्रार्थनेला चला. दोनच ठोके पडले, तर गल्लीत कुणीतरी गेलं. मग बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. सगळ्यांचे कान त्या तिसऱ्या ठोक्याकडे लागलेले असायचे.

त्या काळी इथे फ्रुमेट नावाची एक विधवा पाव भाजायची. तिला एकुलता एक मुलगा, लेमेल. आणि या भिंतीमागे राहायचा अन्शेल, लाकडाचा व्यापारी. डोंगरातले ओंडके बांधून त्यांचे तराफे नदीतून खाली पाठवायचे, हा त्याचा धंदा. बर्फ फुटलं की नदी काही दिवस पिसाळते, तेव्हा तराफा सोडायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण अन्शेलनं कुणाला तरी शब्द दिला होता म्हणे. त्यानं तराफा सोडायला लावला. त्यावर लेमेल होता. तराफा खालच्या गावी पोचला, लेमेल नाही पोचला.

त्या दिवशी फ्रुमेट सिनेगॉगच्या दारात उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की या माणसाच्या दारावर यापुढे मोगरी पडता कामा नये. ज्यानं माझं लेकरू बुडवलं, त्याला देवाच्या घरी कशाला बोलावता? आईचं दुःख ते, सगळ्यांनी मानलं. धर्मगुरू रब्बींनीसुद्धा मान खाली घातली. मोगरीवाला होता कोप्पेल. दुसऱ्या पहाटेपासून तो डावीकडच्या दारावर ठोके द्यायचा, हे दार सोडायचा आणि उजवीकडच्या दारावर जायचा. आणि ज्याला बोलावलं नाही, त्यानं जायचं तरी कोणत्या तोंडानं?

अन्शेलनं थोडे दिवस सोसलं. मग गवंडी बोलावून त्यानं हे दार चिणून टाकलं. त्याच्या घराला मागच्या बाजूला, ख्रिस्ती वस्तीकडे, दुसरं दार होतं, त्यातून जाऊयेऊ लागला. गल्ली म्हणाली, बघा कसा माज! मला विचाराल तर माज नव्हता तो. रोज पहाटे आपलं दार वगळून जाणारी पावलं ऐकणं काय सोपं आहे?

वर्ष गेलं. लेमेलचं पहिलं वर्षश्राद्ध आलं. आमच्यात त्या दिवशी कद्दीश म्हणतात. त्यात मरणाचा एक शब्द नसतो हो, नुसती देवाची स्तुती. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात. नऊ असले तर नाही म्हणजे नाही. बायका त्यात धरत नसत, मग ती आई का असेना. आणि आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो, तेव्हा कद्दीश व्हायला हवं ते सूर्य बुडायच्या आत.

त्या वर्षी थंडी सरता सरता गल्लीत तापाची साथ आली होती. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळलेली. कोप्पेलही निजलेला. बाहेर गुडघाभर बर्फ, शेजारच्या गावाचा रस्ता बंद. आदल्या संध्याकाळी दहा जमले नाहीत, सकाळीही नाहीत. दुपार कलली तेव्हा कसेबसे आले ते नऊ. आम्ही माणसांना आकडे लावून मोजत नाही, दृष्ट लागते. ‘नाही एक, नाही दोन’ असं मोजतात. तसं ‘नाही नऊ’पर्यंत आले आणि थांबले.

फ्रुमेट सिनेगॉगात वर बायकांच्या माडीवर बसली होती. तिथल्या खिडकीतून ही भिंत समोर दिसते. मावळतीचं ऊन या भिंतीवर पडतं आणि ते वर सरकत चौकटीवरून गेलं की दिवस संपला, असा इथला हिशेब. ऊन अर्ध्यावर आलं होतं. खाली कुणीतरी हळूच म्हणालं की दहावा आहे की, समोरच आहे, हाकेच्या अंतरावर आहे. रब्बी वर न बघता म्हणाले, “ते दार ज्या तोंडानं बंद झालं, त्या तोंडाला विचारा.”

काय झालं असेल हो त्या बाईच्या मनाचं? पोराच्या नावानं कद्दीश व्हायचं तर दहावा तोच, ज्यानं पोर बुडवलं! न बोलवावं तर पोराचा दिवस कोरडा जातो. बोलवावं तर कोणत्या जिभेनं? माडीवरच्या बायका सांगायच्या की ती बराच वेळ उन्हाकडे बघत बसली. मग उठली, कोप्पेलच्या घरी गेली, त्याच्या उशाची मोगरी घेतली आणि इथे, आजोबा बसलेत ना, त्या पायरीवर येऊन उभी राहिली.

एक ठोका दिला. दुसरा दिला. आणि हात वर जाईना. सगळी गल्ली कान देऊन होती. दोन ठोके म्हणजे मयत, आणि मयतच तर झाली होती तिच्या घरी. भिंतीच्या आत अन्शेलही म्हणे विटांना कान लावून उभा होता. त्यालाही वाटलं, लेकरू गेल्याचं ही मला पुन्हा ऐकवायला आलीय. तीही हलेना, तोही हलेना.

मग तिसरा ठोका पडला.

दार तर चिणलेलं. अन्शेल तसाच, पायात जोडे न घालता, मागच्या दारानं बाहेर पडला. इकडे यायचा रस्ता लांबचा: ख्रिस्ती वस्तीतून नदीकाठी, कातडी कमावणाऱ्यांच्या पुलावरून, मग गल्लीची वेस. तो धावत सुटला. इकडे ऊन चढत चढत चौकटीच्या दगडापाशी आलं. आणि असं सांगतात की तिथेच थांबलं. डोंगराआड सूर्य गेलेला, बाकी गल्लीत अंधारलेलं, आणि या चौकटीवर ऊन. अन्शेल पोचला, सिनेगॉगच्या दारातच बसला, कद्दीश सुरू झालं. सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाला तो तोच. प्रार्थना संपली, तेव्हा ऊन गेलं.

तुमच्यातले इंजिनिअर साहेब म्हणतील, समोरच्या खिडकीच्या काचेचा कवडसा असेल. असेल बापडा. मी कशाला वाद घालू?

बाहेर आल्यावर अन्शेल म्हणाला की उद्याच गवंडी बोलावतो, भिंत पाडतो. फ्रुमेट त्याच्याकडे न बघता बोलली, “भिंत राहू दे. मी तुला माफ केलं असंही समजू नकोस. पण उद्या ये. लांबून ये.”

दुसऱ्या पहाटे ती या विटांवर ठोके द्यायला आली. रोज येत राहिली. आणि तो समोर राहणारा माणूस रोज नदीकाठाला वळसा घालून येत राहिला, म्हातारा झाला तरी. दोघांत दुसरं बोलणं कधी झालं नाही म्हणतात. एका पहाटे ठोके पडलेच नाहीत. अन्शेल वाट बघत राहिला. मग भिंतीच्या आतून त्यानंच दोन ठोके दिले. गल्लीला कळलं, फ्रुमेट गेली. कोण सांगायला गेलं होतं त्याला? कुणी नाही. दोन ठोक्यांवर कुणाला राहवेना, पण अन्शेलला बोलावणारा तिसरा द्यायलाही कुणी धजेना. शेवटी खाटकाची बायको पुढे आली. तिचा आणि फ्रुमेटचा कित्येक वर्षांचा अबोला होता. रडत रडत तिनं बाहेरून तिसरा ठोका दिला.

तेव्हापासून हा रिवाज पडला. पुढे लढाईत या गल्लीतली माणसं गाड्यांत भरून मारायला नेली. परत आली ती बोटांवर मोजण्याइतकी. आकडा नाही सांगत मी. त्यांतल्या एकानं आल्या आल्या पहिल्या सकाळी या भिंतीवर ठोके दिले. आत कोण होतं यायला? तरी दिले. आता सिनेगॉगचं म्युझियम झालंय, दहा जण जमायला बाहेरगावची पाहुणी माणसं लागतात. रेवदंड्यालाही आमचं तसंच झालंय. ते आता राहू दे.

पण आजही इथे येणारा समोरच्या हिरव्या दारात सरळ जात नाही. आधी भिंतीवर ठोके, मग नदीकाठ, पूल, वेस, असा वळसा घालूनच जातो. आपणही तसेच जाणार आहोत, पाय दुखले तरी. आजही दाखवणाऱ्यानं दोनच ठोके द्यायचे असतात. तिसरा मी देत नाही. तो ज्याचा कुणाशी अबोला असेल, त्यानं द्यायचा.

हे माझे दोन झाले. ही घ्या मोगरी. सकाळी बसमध्ये सख्खी माणसं दोन टोकांना बसली होती, ते मी पाहिलंय. पण मी आता कुणाकडेच बघत नाही. घाई नाही. ऊन अजून भिंतीवर आहे.