मिठातली तुळस

ख्रिस्तदास महाराजांचा मुक्काम त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या सोनगव्हाण गावी होता. गावात तेव्हा प्लेग होता आणि माणसे नव्हती. चार महिन्यांपूर्वीच सारे रानात झोपड्या बांधून राहायला गेले होते. देव तेवढे जागच्या जागी राहिले, कारण त्यांना बरोबर न्यावे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस आणि हाती चिपळ्या घेतलेले महाराज ओस पडलेल्या प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसून प्रभू येशूचे नाम घेत, आणि दिवसातून दोनदा आजाऱ्यांची विचारपूस करून येत.

कृपाबाई ही त्यांची भक्त. गावकुसाबाहेर जन्मलेली, सुईणपणा करणारी. बाप्तिस्मा घेऊन तिला दहा वर्षे झाली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हते. प्रभुभोजनाला सर्वांच्या पंक्तीत बसून भाकरीचा तुकडा मिळतो, एवढा धर्म तिला समजला होता आणि तो तिने जीव लावून पाळला होता.

ज्यांना घरच्यांनी सोडले, त्या आजाऱ्यांच्या झोपड्या ओढ्यापलीकडे होत्या. त्यांतल्या एकीत जोशांच्या सरस्वतीकाकू पडून होत्या. त्यांचा मुलगा रोज पन्नास पावलांवर पेजेचे मडके ठेवी, लांबूनच नमस्कार करी आणि निघून जाई. या काकूंनी जन्मभर कृपाबाईची सावली अंगणात पडू दिली नव्हती. आता तिच्याच मांडीवर डोके ठेवून त्या पेज पीत. याला शास्त्रात कुठे तरी आधार असेलही. तो शोधण्याइतका वेळ काकूंपाशी उरला नव्हता.

"तुझ्या देवाचं काही सांगत नाहीस गं," एकदा काकू म्हणाल्या. "तुमचे ते उपदेशक तर रस्त्यात धरून सांगतात."

"इचारलंत तर सांगीन, काकूबाई."

"मी नाही विचारायची."

"मग मी न्हाई सांगायची."

काकूंना हसू आले आणि हसताना काखेतली गाठ दुखली. "जाताना तोंडात तुळशीचं पान पडावं. तेवढं कर माझं."

कृपाबाईने मान डोलावली, पण आतून ती तुटत होती. येशूवाचून तारण नाही, असा तिचा विश्वास होता. आणि ही म्हातारी तिला प्रिय झाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंना ग्लानी आली. तेव्हा ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक विनायकराव नाकाला कापराचा रुमाल लावून दारापर्यंत आले. मूळचे ते शास्त्र्यांच्या घरातले. धर्म बदलताना त्यांनी पोथ्या मागे ठेवल्या होत्या, अभिमान बरोबर आणला होता.

"मडक्यातलं पाणी तीनदा तिच्या कपाळावर घाल आणि प्रभूचं नाव घे," ते म्हणाले. "एवढ्यानं तरेल."

"त्या नको म्हनल्यात."

"आता कुठे म्हणते आहे?"

"मागं म्हनल्यात, तुळसबी मागितलीया. आता बोलवत न्हाई, म्हनून ते फिरलं का?"

"म्हणजे तू तुळस घालणार. दहा वर्षं प्रभूची भाकरी खाल्लीस, अक्कल मात्र गावकुसाबाहेरच राहिली. घाल पान. रविवारी पंक्तीला बसायचं नाही."

पंक्तीतून उठवण्याची ती जुनी रीत नव्या धर्मात इतकी सुखरूप कशी येऊन पोहोचली, हे कृपाबाईला कळले नाही. ती उठली आणि गावात गेली.

दारोदारी वृंदावने होती आणि प्रत्येकात वाळक्या काटक्या. चार महिन्यांत कोणी तांब्याभर पाणी घातले नव्हते. प्रार्थनामंदिराच्या पायरीशी एक रोप आपोआप उगवले होते. पण ते विनायकरावांनीच माघात उपटले होते आणि पुन्हा फुटू नये म्हणून वर पाटीभर मीठ ओतले होते. माती अजून पांढरी होती. तिथे बसून कृपाबाई रडू लागली. तिच्यामागून आलेले विनायकराव अंगणात उभे राहिले.

तिने सारे सांगितल्यावर पायरीवर बसलेल्या महाराजांनी विचारले, "तुळशीनं मोक्ष मिळतो, असं तुला वाटतं?"

"न्हाई, महाराज."

"मग कशाला हवी?"

"काकूबाईंना वाटतं. पान त्यांच्या तोंडात जायचं हाय, माझ्या न्हाई."

महाराजांनी आपल्या तांब्यातले प्यायचे पाणी त्या मिठावर ओतले आणि डोळे मिटले. "प्रभो, लेकरू दुसऱ्यासाठी मागतं आहे."

पाणी जिरले. मिठाचा पापुद्रा तडकला आणि त्यातून हिरवा कोंब वर आला. त्याला दोनच पाने होती. तुळशीचा वास साऱ्या अंगणात पसरला. विनायकरावांच्या हातातला रुमाल गळून पडला.

"दोन्ही घेऊन जा," महाराज म्हणाले.

कृपाबाई झोपडीत पोहोचली तेव्हा काकू शुद्धीवर आल्या होत्या. "कुठली गं तुळस?"

"आमच्या प्रार्थनामंदिराच्या दारातली. चालंल?"

काकूंनी तोंड उघडले. "आधी पाणी घाल. कोरडी गिळवणार नाही." पान जिभेवर घेऊन त्या पुटपुटल्या, "आता राम म्हण."

"ते मला म्हनता यायचं न्हाई, काकूबाई. तुमी म्हना. मी ओठ भिजवते."

काकूंनी तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. त्या एकेकदा 'राम' म्हणत आणि कृपाबाई एकेक थेंब ओठांवर सोडी. सातव्या वेळी 'रा' एवढेच उमटले. आठवा थेंब गालावरून ओघळून गेला.

बाहेर महाराज उभे होते. कृपाबाईने विचारले, "महाराज, मी त्यांना बुडवलं का?"

महाराजांचे डोळे भरून आले. "मला ठाऊक नाही, बाई. मिठातून पान ज्यानं काढलं, त्याच्या हाती त्या गेल्या आहेत. यापुढचं मला दिसत नाही."

तेव्हा विनायकराव पुढे आले. कृपाबाईच्या मुठीत दुसरे पान उरले होते. त्याकडे पाहत ते म्हणाले, "माझ्या आईनंही तुळस मागितली होती. तिची वाचा जाईपर्यंत मी थांबलो, आणि मग कपाळावर पाणी ओतलं. ती मान हलवत होती. नको, नको, अशी. मंडळीत मी सांगितलं, की तिनं होकार दिला." ते महाराजांच्या पायांशी वाकले. "ते पान मला मिळेल का?"

"ते माझं नाही," महाराज म्हणाले. "जिचं आहे, तिला विचारा."

विनायकराव वळले आणि कृपाबाईच्या धुळीने भरलेल्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली. "उठा, साहेब. रविवारी पंक्तीत शेजारी बसा, म्हंजे झालं." आणि तिने पान त्यांच्या ओंजळीत घातले.

त्या दिवशी महाराजांनी चिपळ्या हाती घेतल्या नाहीत. काकूंना अग्नी द्यायला मुलाला बोलावणे गेले. ओढ्याकाठी, ऐन उन्हात, विनायकराव ओंजळ तशीच धरून गुडघ्यांवर बसले होते. पान मिळाले होते. ते ठेवायचे ते तोंड अकरा वर्षांपूर्वीच मिटले होते.