मोकळा सायलेन्सर

“पण वस्ताद, ह्यातला बसवू कुठला, तेवढं तरी सांगा की.”

इंद्रजितने गोणपाटावर तीन सायलेन्सर मांडले होते. एक मूळ गाडीला असतो तसा, गप्प. दुसरा जरा घुमणारा. तिसरा म्हणजे नुसता मोकळा पाइप, वाटीएवढ्या तोंडाचा, आरशासारखा चकचकीत.

बाबालाल वस्तादांनी एकाकडेही पाहिलं नाही. ते गाडीकडे बघत होते.

गाडी म्हणजे जुनी, एवढीशी मोटार. इंद्रजितने ती भंगारातून उचलून नवरीसारखी सजवली होती. याच गॅरेजच्या शेडमध्ये, वस्तादांच्या हाताखाली, तो पाना धरायला शिकला होता. आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. रविवारी तिथे सजवलेल्या गाड्यांचा मेळा भरणार होता.

“आवाज कुणाला ऐकवायचाय?” वस्तादांनी विचारलं.

“सगळ्यांना.”

“हे ठरवूनच आलायस.”

“होय.”

“मग मला कशाला विचारतोस?”

“तुम्ही हो म्हणावं म्हणून.”

“बसव,” वस्ताद म्हणाले.

इंद्रजितने मोकळा पाइप उचलला आणि गाडीखाली शिरला. काम झालं तसा बाहेर आला, मागच्या चाकाला लावलेला दगड पायानं बाजूला सारला आणि आत बसून चावी फिरवली.

शेडचे पत्रे थरथरले. वाशावरची कबुतरं फडफडत बाहेर पडली.

वस्तादांची एक जुनी सवय होती. गाडी चालू झाली की मागे जायचं आणि धुरापुढे तळहात धरायचा. ते मागे गेले.

इंद्रजितने रेस दिली. अंगावर शहारा आला त्याच्या. अजून दिली.

रस्त्यापलीकडून चहावाल्या गोदाक्का त्याच्याकडे बघून दोन्ही हात हलवू लागल्या. तोंडाचा आ वासलेला.

आक्कांनाही आवडला! इंद्रजितने काचेतून हात हलवला आणि पाय आणखी दाबला.

आक्का रस्ता ओलांडून धावत आल्या. हातातली किटली त्यांनी उचलली आणि सरळ गाडीवर फेकली. काचेवरून चहा ओघळला.

इंद्रजित संतापला. त्याने पाय रेसवरून काढून ब्रेकवर मारला.

“आक्का! रंग गेला की गाडीचा! वेड लागलंय का?”

आक्कांनी नुसतं मागे बोट दाखवलं.

त्याने मान वळवली.

शेडची जमीन मागच्या भिंतीकडे उतरती होती. हँडब्रेक ओढायचा राहिला होता. त्या हादऱ्यात गाडी मागे सरकल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

मागच्या काचेत वस्तादांचा चेहरा होता. अगदी काचेला लागून. पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही तळवे डिकीवर रोवलेले. म्हातारा माणूस सगळ्या ताकदीनिशी गाडी ढकलत होता.

इंद्रजितच्या हाताला हँडब्रेक सापडेना. सापडला, तर ओढवेना. शेवटी ओढला, चावी फिरवली, आणि दार उघडून तो उतरला. आक्कांनी गाडीला खांदा लावला. हँडब्रेक सोडून दोघांनी गाडी पुढे लोटली, चाकाला दगड लावला.

वस्ताद भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. पाइपाच्या झोताने पायजम्याचा एक पाय काळाठिक्कर झाला होता. नडगीवर फोड उठत होते.

आक्कांनी पाण्याची कळशी आणली आणि पायावर ओतू लागल्या. गाडीचं तापलेलं लोखंड तेवढं टिक टिक करत होतं...

“हाक मारायची नाही का कुणी?” इंद्रजितचा आवाज फाटला. “आक्का, तुम्ही तरी!”

आक्कांनी तोंड उघडलं. आतून नुसती घरघर आली. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता.

इंद्रजित त्यांच्याकडे बघत राहिला.

“मी तुम्हाला मारलं असतं, वस्ताद.”

वस्ताद पायावरून ओघळणारं पाणी बघत होते.

“माझ्या हातनं... इथंच...”

तो उठला, पाना घेतला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. पाइप अजून तापलेला होता. हात भाजला, तरी तो नट फिरवत राहिला. पाइप खाली पडला, तसा त्याने तो शेडच्या बाहेर सारला. मग गोणपाटावरचा गप्प सायलेन्सर उचलला आणि काही न विचारता बसवला.

त्या रविवारी तो मेळ्याला गेला नाही. वस्तादांच्या पायाची पट्टी बदलायला आला. पण ते नंतरचं.

त्या दुपारी तो गाडीखालून बाहेर आला आणि वस्तादांच्या समोर मातीतच बसला. मान खाली.

“वस्ताद, तुम्हीपण ओरडला असाल.”

“ओरडलो.”

“थांब म्हणून?”

वस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

“मग? काय ओरडत होता?”

वस्तादांनी त्याचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि कळशीखाली धरला.

“तुझं नाव.”