एरूलची शीळ

भिंत अजून अर्धीच उभी राहिली होती, त्या काळातली ही गोष्ट. चीन देशाच्या उत्तर टोकाला तिथल्या राजाने माती कुटून कुटून भिंत घालायला घेतली होती. भिंतीच्या पलीकडे, जिथे औषधाला झाड सापडत नाही आणि गवत मात्र संपता संपत नाही, तिथे करगान नावाचे लोक राहत. राहत म्हणजे काय, फिरत. नमद्याचे, म्हणजे लोकर कुटून केलेल्या जाड कापडाचे, तंबू मोडून गाड्यांवर चढवायचे आणि गवत असेल तिकडे मेंढ्या-घोडे घेऊन निघायचं. गाव म्हणून त्यांना नव्हतंच. गाव म्हणजे जिथे संध्याकाळी चूल पेटेल ते.

या करगानांत एरूल नावाची बाई होती. तिची आई बाळंतपणातच गेली आणि एका पांढऱ्या घोडीच्या दुधावर ती वाढली, असं म्हणतात. चालायला लागण्याआधी तिला घोड्यांची नावं येत होती, असंही म्हणतात. मोठी झाली तशी ती घोड्यांची वैद्य झाली. घोड्याच्या नाकपुडीशी गाल नेला की त्याला कुठे दुखतंय ते तिला कळे. अडलेलं शिंगरू ती हातभर आत हात घालून जिवंत बाहेर काढी. मेलेला घोडा तिने उठवला असं सांगणारेही आहेत. तो मेला नसेल, मरायला टेकला असेल. पण उठला हे खरं.

उपचार करताना ती एक शीळ घाली. घोडी आपल्या शिंगराला हळूच बोलावते ना, त्या आवाजासारखी, खोलवरून आलेली, मऊ. ती ऐकली की पिसाळलेला घोडासुद्धा पाय रोवून उभा राही, आणि ती थांबेपर्यंत हलत नसे.

एका वर्षी भिंतीवरच्या गढीत घोड्यांना रोग आला. आधी ताप, मग गळ्याखाली मुठीएवढी गाठ, मग श्वास कोंडून मरण. तीनशे घोडे त्या गढीत. रोज दोन-चार ओढून बाहेर टाकत. गढीत कुई नावाचा म्हातारा मोतद्दार होता. उभा जन्म घोड्यांना खरारा करण्यात गेलेला माणूस. तो एके दिवशी हत्यार न घेता, एकटा नदी ओलांडून करगानांच्या तळावर आला आणि एरूलच्या तंबूपुढे मातीत बसला.

"बाई, मला मारायचं तर मारा," तो म्हणाला. "पण आधी चला. मुकी जनावरं आहेत, भिंतीवर डोकं आपटून घेतायत."

करगानांचा नाईक होता बोर्तू. एरूलचा सख्खा धाकटा भाऊ. आईमागे तिनेच पाठीवर बांधून वाढवलेला... नाही, चुकलो, आई तर एरूलच्या वेळीच गेली. बापाने दुसरं लग्न केलं, त्या आईचा तो. पण सख्ख्याहून सख्खा, आणि पाठीवर बांधून वाढवला तिनेच.

बोर्तू म्हणाला, "अक्का, मरू देत ते घोडे. घोडे नसले की त्यांचे स्वार भिंतीच्या आतच बसतील. दहा वर्षं आपण सुखाने झोपू."

"घोड्यांनी काय केलंय?"

"त्यांच्यावर बसून येणाऱ्यांनी काय केलंय ते तू पाहिलं आहेस."

"मला घोडा दिसतो, बोर्तू. वर कोण बसणार ते नाही दिसत."

"आम्हाला तेवढंच दिसतं," बोर्तू म्हणाला आणि उठून गेला.

एरूल गेली. जनावरांची कणव होतीच. पण खरं सांगायचं तर दुसरंही काही होतं. आपल्या हातांना जे येतं ते भिंतीपलीकडे कुणालाच येत नाही, हे तिला ठाऊक होतं. ते त्यांना दाखवावं असं तिला वाटलं. पुढे तिने स्वतःला कशाची माफी दिली नसेल तर ती याची.

पण रिकाम्या हाताने ती कामाला लागली नाही. गढीचा सरदार फेंग तिच्यासाठी आसनावरून उठून उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "नदीच्या दक्षिण काठावर बर्फ कमी पडतं. तिथलं हिवाळ्याचं गवत आमच्या जनावरांना चरू द्या. माझी माणसं तिथे तळ देतील. कुणी त्यांना हात लावायचा नाही." फेंगने एका आजारी घोड्याच्या कपाळावर हात ठेवून शपथ घेतली. घोड्याचं कपाळ तापाने भाजत होतं, पण त्याने हात काढला नाही. एरूलला ते आवडलं.

चाळीस दिवस ती गढीत होती. घोडा घोडा करून तिने गाठी शेकल्या, पिकवल्या, सुरीच्या टोकाने फोडल्या, जखमा धुतल्या. प्रत्येकाच्या गळ्याखाली बोटाएवढा व्रण राहिला. प्रत्येकाला तिने आपल्या बोलीत नाव दिलं, कारण नाव नसलेल्या जनावराला औषध लागू पडत नाही अशी तिची समजूत होती. कुई तिच्या मागे पाण्याची बादली घेऊन फिरे. तिची शीळ ऐकून ऐकून त्यालाही ती येऊ लागली. ती आल्यावर अकरा घोडे गेले. बाकीचे सगळे वाचले.

त्या हिवाळ्यात करगान नदीच्या दक्षिण काठावर उतरले. बोर्तूची बायको म्हणाली, इतकं दूध आपल्या जनावरांनी हिवाळ्यात कधी दिलं नव्हतं. बोर्तूच्या दोन्ही मुली एरूलच्या मांडीवर झोपत. एकदा बोर्तूने बहिणीपुढे भाजलेल्या मांसाचा चांगला तुकडा सरकवला आणि तिने तो घेतला. तेवढ्यावर दोघांचं मिटलं.

मग बर्फ मऊ पडायला लागलं, आणि राजधानीहून गढीवर हुकूम आला. नदीकाठ मोकळा करा. तिथे भिंत जाणार आहे.

फेंगने एक दिवस विचार केला, असं म्हणतात. दुसरे म्हणतात, एक घटकाही केला नाही.

सकाळी बायका धारा काढत होत्या तेव्हा स्वार आले. तंबू जळायला वेळ लागला नाही, नमदा वाळलेला होता. बोर्तूची बायको बादली हातात असतानाच पडली. मुली तंबूत होत्या. बोर्तू शिकारीला गेला होता, एरूल दूर एका अडलेल्या घोडीपाशी होती. तो परतला तेव्हा स्वार निघून गेले होते, तंबूच्या जागी काळं वर्तुळ होतं, आणि एरूल त्या वर्तुळात गुडघ्यांवर बसून हातांनी राख बाजूला करत होती.

उरलेल्यांना घेऊन तो नदीकडे पळाला. उत्तर काठ गाठला की सुटका होती. पण नदीवरचं बर्फ पातळ झालेलं. एका वेळी एकच गाडी, तीही हळू. म्हातारे, जखमी, पोरंबाळं, सगळी काठावर गोळा झालेली. आणि मागे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दलदल असलेल्या खिंडीतून, फेंगचे स्वार पुन्हा येताना दिसले. त्यांच्यामागे पायदळ.

घोड्यांनी माना वर केल्या तेव्हा एरूलला त्यांच्या गळ्याखालचे व्रण दिसले. एकूण एक.

"अक्का," बोर्तू म्हणाला, "तुझी लेकरं आली."

एरूल खिंडीकडे चालत गेली. तिच्या हातात काही नव्हतं, हात अजून राखेने काळे होते. खिंडीच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि तिने शीळ घातली.

पुढचा घोडा थांबला. मग त्याच्यामागचा. मग सगळे. भरधाव आलेले जवळजवळ तीनशे घोडे खिंडीत पाय रोवून उभे राहिले, कान पुढे करून. स्वारांनी टाचा मारल्या, चाबूक मारले, तलवारीची पाती मारली. घोड्यांच्या अंगातून रक्त वाहू लागलं, पण एक पाय हलला नाही. सूर्य या डोंगरावरून त्या डोंगरावर गेला आणि ते तसेच उभे राहिले, असं म्हणतात. वारासुद्धा थांबला होता, कारण त्या शिळेच्या आड यायला तो धजेना. आणि मागे नदीवर एकामागून एक गाड्या पलीकडे जात होत्या.

घोड्यांनी खिंड भरून गेली होती. पायदळाला पुढे यायला वाट नव्हती. फेंगने तिरंदाजांना तिच्यावर बाण सोडायला सांगितलं, पण एकाचाही हात उचलेना. ही बाई माणूस नाही, असं ते कुजबुजत होते. मग फेंगने कुईला पुढे ढकललं.

"तू तिच्याबरोबर चाळीस दिवस होतास. घोडे हलव."

कुईने एरूलकडे पाहिलं. तिच्या ओठांतून आता रक्त येत होतं.

"सरकार, मला ती शीळ येत नाही," तो म्हणाला.

फेंगने त्याला तिथेच तोडला. आणि मग स्वारांना खाली उतरवून दुसरा हुकूम दिला. घोडे मारा. वाट करा.

हे सांगायला सगळ्यात कठीण, पण सांगितलंच पाहिजे. एरूलने शीळ थांबवली असती तर घोडे उधळले असते, निम्मेअर्धे वाचले असते. पण मग सैन्य पुढे आलं असतं, आणि नदीवर अजून गाड्या होत्या. ती थांबली नाही. आपण दिलेल्या नावांचे घोडे तिने एकेक करून पडताना पाहिले, आणि ते पडावेत म्हणून ती शीळ घालत राहिली. ते हलले नाहीत. कुणी दात दाखवले नाहीत, लाथ मारली नाही. शेवटचा घोडा पडला तेव्हा शेवटची गाडी पलीकडच्या काठाला लागली होती.

मग तिने मागे वळून पाहिलं.

पलीकडे बोर्तू उभा होता. खिंड अजून मेलेल्या घोड्यांनी तुंबलेली होती. एक माणूस तोलेल इतकं बर्फ बाकी होतं. त्याने हाक मारली असती तर ती चालत पलीकडे गेली असती. ती वाट पाहत होती, असं म्हणतात. वाट पाहताना राखेचे हात तिने अंगरख्याला पुसले.

बोर्तूने हाक मारली नाही. तो वळला आणि गाड्यांच्या मागे चालू लागला. मग दुसरे वळले. ज्यांचे जीव नुकतेच वाचले होते ती माणसं, ज्यांची माणसं सकाळी मेली होती ती माणसं, सगळी एकच होती. एकानेही मागे पाहिलं नाही.

एरूलचं पुढे काय झालं हे कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं, फेंगच्या सैनिकांनी तिला मारलं. कुणी म्हणतं, सैन्य तिला वळसा घालून परत गेलं आणि ती तीन दिवस घोड्यांचे डोळे मिटत खिंडीत फिरत होती. चौथ्या दिवशी बर्फ फुटलं आणि नदी वाहू लागली. खिंडीत कुणी नव्हतं.

बोर्तूने पुढे दुसरा संसार मांडला आणि तो खूप म्हातारा होऊन मेला. मरताना त्याने "अक्का" म्हणून हाक मारली, असं म्हणतात. जवळ बसलेली सून सांगे की नाही, त्याने पाणी मागितलं.

आता ती भिंत ढासळून मातीचा उंचवटा झाली आहे. फेंगची गढी कुठे होती ते दाखवता येत नाही. पण त्या नदीच्या उत्तर काठावर अजून घोडे पाळणारे लोक आहेत, आणि दर वसंतात घोड्या पहिल्यांदा दूध देतात तेव्हा पहिला वाडगा ते एरूलच्या नावाने ओततात. ओतायची रीत अशी. घरातली थोरली बाई वाडगा घेऊन काठावर जाते, खिंडीकडे पाठ करून उभी राहते आणि दूध खांद्यावरून मागे टाकते. तोंड तिकडे करायचं नाही.

पाठ का करायची, असं लहान मुलं दरवर्षी विचारतात. काही घरांत त्यांना गप्प करतात. एका घरात मात्र एका आजीने सांगितलं होतं, "ती नसती तर आपण नसतो, बाळा. आणि ती नसती तर आपण किती असतो!"

आजीने मग वाडगा पालथा करून शेवटचा थेंब झटकला, आणि पोरांना पुढे घालून ती तंबूकडे चालू लागली.